सर कुठल्या बाजूचे?

मैदानात पाऊल टाकायच्या आधी सर टोपी काढून वाकत. नुसती मान झुकवणं नाही, चांगले कमरेतून वाकत. आणि समोर चिटपाखरूही नसताना. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांचं काहीतरी पडलं. मीपण वाकून वाळूत शोधायला लागले.

"काय पडलं, सर?"

"काही नाही," टोपी डोक्यावर नीट बसवत ते म्हणाले. "सकाळभर ज्याच्यावर पाय देणार, त्याला आधी नमस्कार करायला नको?"

एकदा आम्हाला सोडायला आलेला पेशावरचा टॅक्सीवाला सरांना तसं वाकलेलं बघून गाडी बंद करून खाली उतरला आणि दबक्या आवाजात मला विचारू लागला, "बहनजी, यहाँ किसी बुज़ुर्ग की मज़ार है क्या?"

मजार नव्हती, बेसबॉलचं मैदान होतं. दुबईच्या एका टोकाला, गोदामांच्या रांगेमागे, जाळीचं कुंपण घातलेला वाळूचा मोठा तुकडा आणि त्याच्यावर मध्येच अंथरलेलं खोटं हिरवं गवत. आजूबाजूच्या सगळ्या मोकळ्या जागांवर सुट्टीच्या दिवशी क्रिकेट चाललेलं असायचं. एवढ्याच एका तुकड्यावर नाही.

आमची फॅक्टरी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात. पाण्याच्या आणि लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, बाटल्यांची झाकणं बनवायचो आम्ही. सर क्वालिटीचे हेड, मी परचेसला. मी मुलुंडहून नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले आणि वर्षभरात या कंपनीत लागले. पहिल्याच दिवशी सर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात नेहमी एक झाकण. "मराठी का? मग शनिवारी सकाळी या. आपली मॅच आहे." मला वाटलं, महाराष्ट्र मंडळाची असेल. क्रिकेट असेल. गेले तर हा प्रकार.

पुढे ओळख वाढल्यावर मी विचारलं, तुमच्यासारख्या माणसाला हे खूळ लागलं कुठून? तेव्हा त्यांनी जपानची गोष्ट सांगितली. तरुणपणी पुण्याजवळच्या एका कारखान्यात असताना कंपनीने त्यांना मशीनच्या ट्रेनिंगला तिकडच्या एका लहानशा गावात पाठवलं होतं. भाषा येत नाही, शाकाहारी माणूस, संध्याकाळी बोलायला कुणी नाही. त्या कारखान्याची स्वतःची बेसबॉल टीम होती. सर रोज मैदानाच्या कडेला जाऊन बसत. खेळातलं काही कळत नसे, पण माणसं दिसत. एक दिवस तिथल्या म्हाताऱ्या फोरमनने काही न बोलता त्यांच्या हातात ढोलाची काठी दिली. "खेळायला मला कुणी घेतलं नसतं," सर म्हणायचे, "पण ढोलावर घेतलं. हरलो तेव्हा सगळ्यांबरोबर मीपण रडलो. त्या दिवसापासून मी तिथे एकटा नव्हतो."

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. सरांना स्वतःला बेसबॉल अजिबात खेळता येत नसे. बॅट हातात घेतली की कपडे धोपटायला निघाल्यासारखे दिसत. ते होते ते शुद्ध चाहते. पण चाहत्याला टीम लागते, आणि दुबईत त्यांच्याजोगती टीम नव्हती. म्हणून त्यांनी ती फॅक्टरीतच तयार केली. मोल्डिंगच्या शिफ्टमधले फिलिपिनो, पॅकिंगमधले दोघंतिघं श्रीलंकन, स्टोअरचा एक नेपाळी. कप्तान जोजो. मोल्डिंगचा सुपरवायझर, बुटका, रुंद खांद्यांचा, सतत हसणारा. लहानपणी त्याच्या गावी तो हेच खेळत मोठा झाला होता. वीकेंडला एक लीग चालायची, तिच्यात हे उतरले. इतर टीममधे बँकांतले, विमान कंपन्यांतले, एम्बसीतले लोक. सुरुवातीची काही वर्षं आमची टीम नुसती हरत होती. सर मात्र दर मॅचला ढोल घेऊन हजर.

ढोल आपलाच, मंडळाच्या गणपतीतला, निवृत्त झालेला. नवे ढोल आले तेव्हा हा सरांनी मागून घेतला. कमरेला बांधायचे, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. पण नियम जपानचे. आपली टीम बॅटिंगला असेल तेव्हाच वाजवायचा. समोरची टीम बॅटिंगला आली की ढोल खाली, हात मागे, तोंड बंद. समोरच्याची चेष्टा करायची नाही, तो चुकला म्हणून टाळी वाजवायची नाही. आणि मॅच संपल्यावर जो जिंकेल त्याच्यासाठी शेवटचा ढोल. तो आपण हरलो असलो तर जास्त जोरात.

आणि क्रिकेटचे शब्द चालायचे नाहीत. सुरुवातीला एकदा माझ्या तोंडून गेलं, "सर, काय मस्त बोलिंग टाकली त्याने!" सरांनी नुसतं बोट दाखवलं. पार्किंगला एक फेरी. पंजाबी ड्रेस आणि सँडलमधे मी ती पळाले, आणि अख्खी टीम टाळ्या वाजवत होती. बेसबॉलमधे बॉल टाकणारा तो 'पिचर', हा शब्द मी जन्मात विसरणार नाही.

कारखान्यातही त्यांचं तसंच. झाकण नापास झालं की अंपायरसारखा अंगठा हवेत, "आउट!" एखाद्या नव्या पोराने माल खराब केला तर ओरडत नसत. "एक स्ट्राइक झाला. अजून दोन आहेत. बॉल बघ फक्त." पोरं त्यांना घाबरत नसत, पण त्यांच्यासमोर खराब झाकण ठेवायची लाज वाटायची त्यांना.

आता जुईचं सांगते. जुई सरांची एकुलती एक मुलगी, जन्मापासून दुबईतच वाढलेली. खेळता न येणाऱ्या या माणसाने तिला लहानपणापासून बॉल टाकायला लावलं. त्यांच्या बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमधे एका खांबाला जुनी गादी बांधलेली होती. त्या गादीच्या पुढे सर उपड्या बादलीवर बसायचे, हातात ग्लोव्ह, आणि जुई समोरून टाकायची. निम्मे बॉल ग्लोव्हमधे, निम्मे नडगीवर. वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, मला म्हणायच्या, "लोक मुलीला भरतनाट्यम शिकवतात. आमच्याकडे रोज संध्याकाळी हळद आणि तुरटी."

जुईच्या बॉलला फार वेग नव्हता, पण डोकं होतं. एक जोरातला बॉल आणि एक हळू. दोन्हीला हात सारखाच फिरायचा. बॅटवाला जोराच्या अंदाजाने बॅट फिरवून मोकळा होई आणि हळू बॉल मागून रमतगमत येई. पुढे ती फिजिओथेरपी शिकली, अबुधाबीच्या एका हॉस्पिटलमधे लागली आणि तिकडच्या टीममधून खेळायला लागली. लीगमधली एकटी बाई पिचर. तिची टीम दुसऱ्या गटात, आमची या गटात, त्यामुळे गाठ कधी पडत नसे. सर एका शनिवारी आमचा ढोल वाजवायचे, दुसऱ्या शनिवारी अबुधाबीला जाऊन तिची मॅच बघायचे. तिथे नुसते प्रेक्षक म्हणून, ढोल घरी ठेवून. "दोन गट केलेत ही देवाची कृपा," असं म्हणायचे.

ती कृपा सरांच्या शेवटच्या वर्षी संपली. त्या जूनमधे सर रिटायर होणार होते. इथे रिटायर होणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि माणूस सामान बांधतो. पुण्याला फ्लॅट तयार होता, वहिनींनी पडदेसुद्धा ठरवले होते. आणि नेमकी त्याच वर्षी आमची टीम जिंकायला लागली. जोजोने पोरांना सांगून टाकलं होतं, "दिस इज फॉर सर. फायनल, इन्शाल्ला." आम्ही पहिल्यांदाच प्लेऑफमधे गेलो, पहिला सामना जिंकलो आणि सेमीफायनलला आलो.

समोर कोण, ते जोजोने कँटीनमधे मोबाइलवर वाचलं. वाचलं आणि मोबाइल टेबलावर उपडा ठेवला. मग हळूच म्हणाला, "सर... अबुधाबी."

सर दहीभात खात होते. "बरं झालं," म्हणाले. "चांगली टीम आहे." उरलेला भात तसाच ठेवून डबा बंद केला आणि उठून गेले. अन्नाचं शीत टाकून न देणारा माणूस तो.

त्या आठवड्यात फॅक्टरीत दुसरा विषय नव्हता. सिक्युरिटीवाला विचारी, फोर्कलिफ्टवाला विचारी, कधी नव्हे ते आमचे लेबनीज जीएमसुद्धा केबिनमधून बाहेर येऊन विचारून गेले, "हबीबी, यू आर विथ हूम?" सरांचं उत्तर ठरलेलं. "ढोल आपल्या टीमचा आहे."

"आणि तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"मी ढोलाच्या मागे."

पण एका संध्याकाळी त्यांच्या गाडीतून घरी येताना, पुढचं ट्रॅफिक हलेना तेव्हा, ते समोर बघतच म्हणाले, "पोरांनी जिंकावं असं अगदी मनापासून वाटतं. आणि ती हरू नये असंही वाटतं. एकाच मॅचमधे दोन्ही कसं बसवायचं, सांगा."

मागचा हॉर्न वाजवायला लागला तेव्हा आम्ही पुढे सरकलो.

मॅच शनिवारी होती. शुक्रवारी अर्धा दिवस. टीमच्या नव्या टोप्या माझ्याकडे आल्या होत्या, त्या द्यायला मी दुपारी सरांच्या घरी गेले. वहिनींनी जेवायला बसवूनच घेतलं. जुई वीकेंडला आलेली होती. सर बाल्कनीत कढीपत्त्याला पाणी घालत होते. आम्ही तिघी स्वयंपाकघरात. वहिनी पोळ्या लाटता लाटता, जणू मीठ कमी झालंय म्हणाव्यात तशा सहज म्हणाल्या, "जुई, बाबांचं हे शेवटचं वर्ष आहे. ती पोरं बिचारी त्यांच्यासाठी एवढी धडपडतायत. उद्या जरा बेताने टाक की. तुला पुढची वर्षं आहेतच."

"आई, it doesn't work like that," जुई म्हणाली. मग बराच वेळ काकडीच चोचत राहिली. आणि एकदम म्हणाली, "मी विचार करत होते... I could say माझा खांदा दुखतोय. मग दुसरं कुणीतरी पिच करेल. Nobody has to know."

बाल्कनीचं दार उघडंच होतं. सर पाण्याची झारी हातात घेऊन आत आले.

"खांदा दुखतोय?"

"बाबा..."

"दुखतोय का, एवढंच विचारतोय."

"नाही."

सर खुर्चीवर बसले. झारी मांडीवरच. आणि असं काही बोलले की वहिनींचं लाटणं थांबलं.

"मग ऐक. तू हळू बॉल टाकायच्या आधी एक गोष्ट करतेस. दरवेळी. तुला माहीत नाही, पण मला माहीत आहे. उद्या सकाळी ती मी जोजोला सांगणार आहे."

"What? कुठली गोष्ट?"

"ते तू शोध."

"You wouldn't! बाबा, that's cheating!"

"तुला सांगून करतोय. जोजोलाही सांगेन, की तिला सांगून आलोय म्हणून. मग चोरी कसली?"

"पण मी तुमची मुलगी आहे!"

"म्हणून आज सांगतोय. दुसऱ्या कुणाला एवढी मुदत दिली नसती."

जुईचा चेहरा लालबुंद झाला. सुरी ओट्यावर ठेवून तिने गाडीची किल्ली उचलली. "Fine. खलास. उद्या मैदानावर भेटू." दार आपटलं. वहिनी सरांकडे बघून म्हणाल्या, "जेवायच्या ताटावरून घालवलीत पोरीला. शोभतं का हे?" आम्ही तिघं जेवलो, म्हणजे मी जेवले.

मला लिफ्टपर्यंत सोडायला सर आले. मग म्हणाले, "आता खांदा दुखतो म्हणायची नाही ती." लिफ्टचं बटण ते पुन्हा पुन्हा दाबत होते. खाली येईपर्यंत माझ्या लक्षात आलं, या माणसाने आत्ता काय केलं ते. मुलीची भीक नको म्हणून तो मुलीचा शत्रू झाला होता.

शनिवारची सकाळ धुक्याची होती. गोदामं दिसत नव्हती, नुसते दिवे दिसत होते. सर टोपी काढून वाकले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग जोजोला आणि पोरांना जाळीपाशी बोलावलं आणि सगळं सांगितलं. "हळू बॉलच्या आधी ती उजव्या कानाला हात लावते. लहानपणी खोटं बोलताना लावायची, तशीच. पण मी तिला सांगितलंय, की मी तुम्हाला खूण सांगणार. कुठली ते नाही सांगितलं. आता तुमचं तुम्ही बघा."

जोजोने डोक्याला हात लावला. "सर, यू आर क्रेझी." मग हसला. "ओके. फेअर."

सरांनी मला वहिनींशेजारी बसवलं. "तिच्याजवळ कुणीतरी हवं. नाहीतर तिथूनच पोरीला सूचना देईल." वहिनी अबुधाबीवाल्यांच्या बाजूला, मांडीवर थर्मास घेऊन बसल्या होत्या. नवऱ्याकडे बघत नव्हत्या.

आमची बॅटिंग आली आणि सरांनी ढोल बांधला. समोर, वाळूच्या उंचवट्यावर जुई. जिला तळघरात बादलीवर बसून शिकवलं, तिच्याविरुद्ध तो माणूस ढोल बडवत होता. आणि थोडाही हात राखून नाही. जुईने एकदाही त्या दिशेला पाहिलं नाही.

खूण खरी होती. कानाला हात गेला की हळू बॉल यायचा. आमची पोरं थांबून, नीट बघून मारत होती. दोन रन पटापट झाले. अबुधाबीवाले गोंधळले, त्यांचा कोच जुईपाशी जाऊन बोलून आला. तिने मान हलवली, पुढच्या बॉलला पुन्हा कानाला हात, पुन्हा हळू, पुन्हा फटका. मी सरांकडे पाहिलं. टिपरू पडत होतं, ताल चुकत नव्हता, पण डोळे मिटलेले होते.

वहिनी माझ्या कानाशी वाकल्या. "तुला सांगते, कुणाला बोलू नकोस. काल घरून निघाली आणि रस्त्यातूनच मला फोन. 'आई, मी काय करते ते सांग.' मी सांगून टाकलं. कान म्हटलं, उजवा."

"अहो, पण ती तर अजून कान धरतेय!"

"तेच मला कळत नाही!" वहिनींनी थर्मास घट्ट धरला. "एवढं सांगूनही..."

हळूहळू अबुधाबीवाल्यांनी रन जोडले आणि एकाने पुढे गेले. शेवटच्या डावात आमची बॅटिंग. दोन जण बाद झाले होते, तिसरा झाला की डाव संपणार, पण एक जण तिसऱ्या बेसवर उभा होता. तो शेवटच्या, घरच्या बेसवर पोचला की एक रन आणि बरोबरी. आणि बॅटवर जोजो. धुकं उठून ऊन पडलं होतं. सरांनी ढोलाचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि वाजवायला लागले. त्या दिवसातला सगळ्यात जोरातला ढोल. गोदामांच्या भिंतींवरून आवाज परत येत होता.

पहिला बॉल जोरात, जोजो चुकला. दुसरा त्याने मारला, पण रेषेबाहेर गेला. दोन स्ट्राइक. अजून एक चुकला की खलास. जुई पाठ करून उभी राहिली, हातात माती घोळली, वळली. आणि तिचा हात उजव्या कानाकडे गेला.

जोजोने ते पाहिलं. सरांनी पाहिलं. आमच्या बाकावरच्या प्रत्येकाने पाहिलं. जोजोने खांदे सैल सोडले, हळू बॉलची वाट बघत थांबला.

बॉल जोरात आला. जोजोची बॅट फिरली तेव्हा तो कॅचरच्या ग्लोव्हमधे जाऊन बसला होता.

क्षणभर काही कळलंच नाही कुणाला. मग वहिनी थर्मास टाकून उभ्या राहिल्या. "फसवलं! अगं, फसवलं तिने सगळ्यांना!" आणि रडायलाच लागल्या.

सरांच्या हातातलं टिपरू तसंच वर राहिलं होतं. आमची पोरं वाळूत बसली होती. जोजो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. सरांची सगळी वर्षं, पोरांची सगळी मेहनत, फायनलचं स्वप्न, सगळं तिथे संपलेलं होतं. आणि या माणसाच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ओठ आवळलेले, डोळ्यांत पाणी, आणि मान अशी ताठ, की टोपी उंच दिसत होती. त्यांनी टिपरू खाली आणलं. जिंकणाऱ्यांसाठीचा शेवटचा ढोल. त्यांच्याच नियमाप्रमाणे. असा वाजवला, असा वाजवला, की शेजारच्या मैदानांवरचं क्रिकेट थांबलं.

मग ढोल सोडून ते जोजोपाशी गेले, वाळूतच त्याच्या शेजारी बसले.

"सॉरी, जोजो."

जोजोने तोंडावरचा टॉवेल काढला. डोळे लाल होते. "व्हाय सॉरी, सर? यू सेड राइट इअर. शी टच्ड राइट इअर." टॉवेल खांद्यावर टाकून तो हसायला लागला. "युवर डॉटर इज अ थीफ, सर."

"होय," सर म्हणाले. "आहेच."

मैदान सपाट करायचं काम सर दर मॅचनंतर स्वतः करत. हातात लांब दांड्याची दाताळी घेऊन ते वाळू ओढत होते तेव्हा जुई दुसरी दाताळी घेऊन शेजारी आली. दोघं वाळू ओढत राहिले. मी ढोलाची दोरी सोडवत होते, म्हणून मला ऐकू आलं.

"कानाचं तुला केव्हा कळलं?" सरांनी विचारलं.

"काल. आईने सांगितलं."

"मला वाटलंच होतं तू आईला फोन करणार."

हे खरं की पराभव झाकायला म्हणाले, मला आजतागायत माहीत नाही.

"मग सुरुवातीला का धरत होतीस?"

"पहिल्यांदा सवयीने गेला हात, honestly. मग म्हटलं, असू दे. Let them believe it. दोन रन गेले तरी चालतील." तिने टोपी मागे सारली. "बाबा, तुम्ही खरंच सांगितलंत त्यांना."

"सांगितलं."

"मी हरले असते तर?"

सरांनी दाताळी थांबवली. "तर मी आनंदाने नाचलो असतो, आणि मग घरी येऊन जेवलो नसतो." तिने दाताळी टाकली आणि वाळूने माखलेल्या हातांनी त्यांना मिठी मारली. सर अवघडून उभे राहिले. त्यांना मिठी मारता येत नसे.

आता सर पुण्याला आहेत. सोसायटीच्या पार्किंगमधे कुणाच्यातरी नातवंडांना बादलीवर बसून काहीतरी शिकवतात, असं वहिनी फोनवर सांगतात. नडग्यांना हळद चालूच आहे म्हणतात. फॅक्टरीत टीम आहे, जोजो आहे. सरांचा विषय निघाला की नव्या पोरांना त्या उजव्या कानाची गोष्ट सांगितली जाते, आणि सांगताना जोजोच सगळ्यात जास्त खुलतो, बाद झालेला तोच असूनही.

पण माझ्या डोळ्यांपुढे सर उभे राहतात ते फायनलच्या दिवशीचे.

फायनल अबुधाबीला होती. सर म्हणाले, ढोल नेणार नाही, तो आपल्या टीमचा आहे, दुसऱ्या टीमसाठी त्याच्यावर हात पडणार नाही. जुईसाठीही नाही. मी आणि वहिनी त्यांच्या गाडीतून गेलो. पोचलो तर पार्किंगमधे आमच्या फॅक्टरीची स्टाफ बस उभी, आणि तिच्यातून अख्खी टीम उतरतेय. सगळ्यात शेवटी जोजो, पोटावर ढोल बांधून.

"जोजो, हा टीमचा ढोल आहे," सर म्हणाले.

"येस, सर. अँड टीम डिसाइडेड." त्याने टिपरू फिरवलं. "टुडे यू सिट. यल्ला, लेट्स गो."

सर बसले. आपला ढोल वाजत असताना आयुष्यात पहिल्यांदा बसले असतील. जोजोचा ढोल इतका बेताल होता, की सरांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. जुईने सुंदर टाकलं. पण समोरची टीम फार भारी होती, आणि शेवटी त्यांच्या एका धिप्पाड माणसाने तिचा बॉल कुंपणापार मारला. मॅच गेली. जुई उंचवट्यावर एकटी उभी होती. तिने टोपी काढली, बॉल मारणाऱ्या माणसाकडे बघून मान लववली आणि मग टोपी परत घातली.

आमच्या पुढच्या रांगेत एक वयस्क अमेरिकन गृहस्थ बसले होते. सरांच्या डोक्यावर आमच्या फॅक्टरीची टोपी, आजूबाजूला आमची पोरं, समोर अबुधाबीसाठी ढोल, हे सगळं बघून ते बिचारे मघापासून बुचकळ्यात पडलेले असावेत. मॅच संपल्यावर वळून त्यांनी विचारलं, "सर, व्हिच टीम आर यू विथ?"

हा प्रश्न त्या महिन्यात सरांना सगळ्या दुबईने विचारला होता. सर उठून उभे राहिले. शर्ट खाली ओढून नीट केला. मैदानाकडे बोट केलं.

"द पिचर," ते म्हणाले. "शी इज माय डॉटर."

त्या गृहस्थांना वाटलं असावं, यांना समजलं नाही. ते जरा हळुवारपणे म्हणाले, "शी जस्ट लॉस्ट द गेम."

"येस," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका मोठा झाला की खालच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "येस, येस. दॅट वन."

आणि ती मैदानातून बाहेर येईपर्यंत ते तसेच उभे राहिले.